रक्तांतील साखरेचे आंकडे

घरच्या घरीं साखर मोजणारें लहानसें यंत्र मधुमेह्याच्या हातीं आलें आणि त्याबरोबर एक नवी चिंताहि आली. पूर्वीं मूत्र बेनेडिक्टच्या द्रावणांत उकळून तें निळें राहतें कीं विटेसारखें तांबडें होतें एवढेंच पाहात असत. रक्तांतील साखर दर डेसिलिटरमागें सुमारें १८० मिलिग्रॅमवर गेल्याशिवाय ती मूत्रांत सहसा उतरत नाहीं. त्यामुळें त्याखालचे चढउतार कोणास दिसतच नव्हते. आतां ते दिसतात, आणि काल १३० व आज १७० पाहून रोगी घाबरा होतो.

वस्तुतः निरोगी शरीरांतहि साखर स्थिर नसते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत, गौताळ्याच्या डोंगराखालीं, कन्नड तालुक्यांतील एखाद्या मधुमेही शेतकऱ्याचा दिवस पाहावा. पहांटे तो उपाशीपोटीं असतो, तरी आंकडा निजतांना होता त्याहून कधीं कधीं अधिक येतो. घरच्या मंडळींस चोरून खाल्ल्याचा संशय हटकून येतो. पण तो अन्यायाचा आहे. जाग येण्यापूर्वीं कॉर्टिसोलसारखे स्राव वाढतात, त्यांच्या प्रेरणेनें यकृत आपल्या सांठ्यांतील साखर रक्तांत सोडतें, आणि तिला आवरण्यापुरतें इन्सुलिन मधुमेह्याजवळ नसतें. भाकरी खाल्ल्यावर तासा-दीड तासांत आंकडा चढतो. पुढें मक्याच्या खुरपणींत स्नायू साखर ओढून घेतात व तो उतरतो. जड कामाचा हा परिणाम रात्रीपर्यंतहि टिकूं शकतो. उलट ताप आला किंवा पायाची जखम चिघळली, कीं अन्न कमी जाऊनहि साखर वाढते. म्हणून आंकड्याशेजारीं वेळ, जेवण व काम यांची नोंद नसेल तर वैद्यास त्यावरून फारसें कांहीं उमजत नाहीं.

यंत्राचीहि मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें १०० व त्यावरील मापांत शंभरांपैकीं ९५ वेळां फरक शेंकडा १५ च्या आंत असला म्हणजे झालें. प्रयोगशाळेंत १४० निघालेली साखर घरीं ११९ वा १६१ दिसली, तरी यंत्र बिघडलें असें नव्हे. याहून मोठी फसगत हात करतात. सीताफळ फोडून किंवा गूळ हाताळून बोट तसेंच टोंचलें तर आंकडा भलताच फुगतो. स्पिरिटचा बोळा फिरविणें पुरेसें नाहीं. हात पाण्यानें धुऊन कोरडे केले पाहिजेत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत तापल्या पत्र्याखालीं राहिलेल्या पट्ट्यांचाहि भरंवसा धरूं नये.

अशा खोट्या २८० वर विसंबून कोणी आपल्या मनानें इन्सुलिन वाढविलें, तर बांधावरच घाम, कंप व भोंवळ येऊन प्राणावर बेतूं शकतें. आंकडा अनपेक्षित आला तर हात धुऊन पुन्हां मोजावें. साखर ७० च्या खालीं गेल्यास मात्र विलंब नको: तीन चहाचे चमचे साखर पाण्यांत विरघळवून द्यावी व १५ मिनिटांनीं पुन्हां मोजावें. रोगी बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींहि न घालतां त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी ही तपासणी रोजच्या गोंधळांतून वाट काढते खरी. परंतु लोहाच्या उणिवेनें रक्त कमी झालेल्या स्त्रियांत तीहि वास्तवाहून अधिक आंकडा दाखवूं शकते, तेव्हां रक्ताची ती उणीव वैद्यास आधीं सांगावी.