अर्धे म्हणजे सममित नव्हे

महाराष्ट्राला 1967 पासून पाठ्यपुस्तके पुरविणारी ‘बालभारती’ ज्या पुण्यात आहे, त्याच पुण्यात, आयताचा कर्ण हा त्याचा सममिती अक्ष होय, असे विधान विद्यार्थ्यांच्या, पालकांच्या आणि क्वचित शिकविणाऱ्यांच्याही तोंडून निःशंकपणे ऐकावे लागावे, ही खेदाची गोष्ट आहे. युक्तिवाद ठरलेला असतो : कर्णाने आयताचे दोन एकरूप भाग होतात, मग तो अक्ष का नव्हे?

भाग एकरूप होतात, याविषयी तक्रार नाही; युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातील 34 वा सिद्धांत समांतरभुज चौकोनाविषयी तेच सांगतो, आणि सवाई जयसिंहाच्या आश्रयाने पंडित जगन्नाथांनी केलेल्या ‘रेखागणिता’तून ते ज्ञान अठराव्या शतकातच संस्कृतात आले. परंतु वाटणी समान झाली, एवढ्या दाखल्यावर सममितीचा दावा मंजूर होत नाही. आकृतीतील प्रत्येक बिंदूचे अक्षातील प्रतिबिंब आकृतीतच पडले पाहिजे, आणि बिंदू व प्रतिबिंब यांना जोडणाऱ्या रेषाखंडाचा तो अक्ष लंबदुभाजक असला पाहिजे. आयताचे कर्ण परस्परांना दुभागतात खरे. पण ते परस्परांना लंब असतात, तो आयत चौरस असेल तेव्हाच. शंकेखोराने 297 मिलिमीटर लांब व 210 मिलिमीटर रुंद असा ए-फोर कागद कर्णावर दुमडून पाहावा : समोरासमोरचे कोपरे एकमेकांवर न पडता त्यांच्यात सुमारे 12 सेंटिमीटर, म्हणजे कर्णाच्या तिसऱ्या हिश्शाइतके, अंतर राहते. कर्णावर आरसा उभा धरला, तर आयताऐवजी पतंगाकृती दिसते. ते दोन त्रिकोण एकमेकांची जागा घेतात ते 180 अंशांच्या भ्रमणाने. परावर्तनाने कदापि नव्हे. चौरस नसलेल्या आयताला अक्ष दोनच, आणि ते समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यबिंदूंतून जातात.

इतर गैरसमजांचा फैसला थोडक्यात :

अक्ष उभा किंवा आडवाच असतो, हे खोटे. चौरसाच्या चार अक्षांपैकी दोन त्याचे कर्णच आहेत.

उंबरठ्यावरील स्वस्तिक 90 अंशांतून फिरविले तरी तसेच दिसते. परंतु त्याला सममिती अक्ष एकही नाही.

वर्तुळाला चार-आठ नव्हेत, अनंत अक्ष असतात. प्रत्येक व्यासरेषा हा अक्षच.

आरसा डावे-उजवे बदलत नाही; तो पुढचे-मागचे उलटवितो.

अक्षाची व्याख्या पाठ करवून घेण्यापूर्वी मुलांच्या हाती आयताकृती कागद द्यावा आणि कर्णावर घडी घालावयास सांगावे, एवढी मागणी प्रत्येक गणितशिक्षकाकडे करण्यात काहीच अवाजवी नाही. कारण जे मूल ती घडी एकदा स्वतः घालील, त्याला समानता आणि सममिती यांतील भेद पुन्हा समजावून सांगावा लागणार नाही.