नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर : विजेची बचत आणि वेग

ड्रायव्हरचे काम

नेटवर्क कार्ड कधी जागे ठेवायचे आणि कधी झोपवायचे, हे ड्रायव्हर ही आज्ञावली ठरवते. कार्ड झोपले की वीज वाचते, पण जागे होण्यास वेळ लागतो. धाराशिव जिल्ह्यात परंडा किंवा लोहारा तालुक्यातील एखाद्या आपले सरकार सेवा केंद्रात वीज गेली की संगणक इन्व्हर्टरवर चालतो, आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज तर त्याच वेळी भरायचा असतो. तेव्हा बचत हवी की वेग, हा प्रश्न खरा ठरतो.

वाय-फायमधील झोप

राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा ‘बीकन’ हा संकेत सोडतो. दोन बीकनमधील अंतर बहुधा १०२.४ मिलिसेकंद असते. बचत चालू असेल तर कार्ड आपला रेडिओ बंद ठेवते आणि बीकनपुरते जागे होते. मधल्या काळात आलेली माहिती राउटर राखून ठेवतो व तशी खूण बीकनमध्ये करतो. म्हणून विलंब पाठवताना नव्हे, उत्तर मिळताना होतो. मोठी फाइल उतरवताना तो जाणवत नाही, कारण सततच्या रहदारीत ड्रायव्हर कार्डाला झोपूच देत नाही. थांबत थांबत चालणाऱ्या कामात मात्र अशा दहा खेपा झाल्या, तर सेकंदभराची भर पडू शकते.

तारेची जोडणी

ईथरनेटमधील वीजबचतीचे ८०२.३एझेड हे मानक २०१० मध्ये मंजूर झाले. यात गिगाबिट जोडणी सुमारे १६.५ मायक्रोसेकंदांत जागी होते, म्हणजे बीकनच्या अंतरापेक्षा हजारो पटींनी लवकर. अट एवढीच, की दोन्ही टोकांच्या उपकरणांना हे मानक अवगत हवे.

प्रोसेसरची झोपमोड

पूर्ण भरलेल्या गिगाबिट जोडणीवर माहितीची मोठ्या आकाराची सुमारे ८१ हजार पाकिटे (पॅकेट) दर सेकंदाला येतात. प्रत्येक पाकिटासाठी कार्डाने प्रोसेसरला हाक दिली, तर त्याला विश्रांती मिळणार नाही. त्यामुळे ड्रायव्हर कार्डाला पाकिटे साठवून एकच हाक द्यायला लावतो. वीज वाचते, प्रोसेसरवरील भारही हलका होतो. किंमत असते काही मायक्रोसेकंदांचा उशीर. हा सौदा बहुधा फायद्याचाच.

एका वॅटचा हिशेब

इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १,८०० वॅट-तास ऊर्जा मावते. तोटा वगळला, तर १०० वॅटचा संगणक तिच्यावर १८ तास चालेल. कार्ड झोपवून एक वॅट वाचला असे धरले, तर जेमतेम ११ मिनिटे वाढतील. ५० वॅट-तासांच्या बॅटरीवर ८ वॅट घेणाऱ्या लॅपटॉपला तोच एक वॅट सुमारे ५४ मिनिटे मिळवून देतो.

निवड

इन्व्हर्टरवरील टेबल-संगणकात कार्डाची बचत बंद ठेवणेच योग्य. वीज वाचवायची तर आधी पडद्याचा उजेड कमी करावा. लॅपटॉप बॅटरीवर असताना बचत चालू आणि चार्जर जोडल्यावर बंद, अशी विभागणी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये अनेक संगणकांवर करता येते. ड्रायव्हर अद्ययावत झाल्यावर कार्डाच्या सेटिंग्ज कधी कधी मूळ स्थितीला परततात, म्हणून त्या पुन्हा तपासाव्या लागतात.