बारीपाड्याची न पेरलेली बाग

खानदेश म्हटला की जळगावकडच्या केळीच्या बागा, काळ्या जमिनीतली कपाशी आणि वैशाखात अंगाची लाही करणारे ऊन एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. परंतु धुळे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, साक्री तालुक्यात, सह्याद्रीच्या रांगा जेथे गुजरातच्या हद्दीकडे सरकतात, तेथे बारीपाडा हा आदिवासी पाडा वसलेला आहे, आणि त्याची अन्नबाग कोणी लावलेली नाही, केवळ राखलेली आहे.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात येथील डोंगर उघडे पडले होते. पाण्याची वणवण होती आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठीही लाकूड जळत होते. अशा वेळी वनवासी कल्याण आश्रमाच्या साहाय्याने आणि गावातीलच चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने रानाचा बंदोबस्त सरकारी हुकुमाची वाट न पाहता स्वतःच्या शिरावर घेतला, कुऱ्हाड चालविणाऱ्यास दंड ठरविला आणि श्रमदानाने चर व बांध घालून उतारावरचे पाणी अडविले. आज सुमारे ४४५ हेक्टर रान गावाच्या देखरेखीखाली आहे. पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली.

मला मात्र सन्मानांहून २००४ पासून भरणारी वनभाजी स्पर्धा अधिक मोलाची वाटते. तीत गावोगावच्या स्त्रिया रानातून खुडून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात आणि त्यांच्याकडून त्या भाज्यांचे गुणदोष ऐकायला मिळतात. हे ज्ञान बारीक असते: शेवळे चिंचेसारखे आंबट घातल्यावाचून शिजविले तर घसा खवखवतो, टाकळ्याचा पाला कोवळा असेतोच खुडावा, कडू कंद पुष्कळ धुतल्याखेरीज खाऊ नये. कोणत्याही कृषिखात्याच्या दफ्तरात इतक्या चवीने नोंदलेले हे शास्त्र सापडणे कठीण.

पावसाची चाल आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. मृगात आशा लावून नंतर त्याने ओढ दिली की भाताचे रोप करपते, परंतु भुईत दबून राहिलेला कंद पुढच्या सरीची वाट पाहू शकतो, आणि ज्या घरास तो ओळखता येतो त्या घराचे ताट त्या वर्षी अगदीच रिकामे राहत नाही. अर्थात रान अक्षय कोठार नव्हे. सगळेच उपटून नेले तर पुढच्या वर्षी काय उगवणार? म्हणून किती घ्यावे आणि किती राखावे हे मिळून ठरवावे लागते, आणि असा संयम या मुलखाला नवा नाही: याच जिल्ह्यात पांझरेकाठी फड पद्धतीने शतकानुशतके नदीचे पाणी पाहून कोणत्या फडात, म्हणजे शेतांच्या गटात, कोणते पीक घ्यावे आणि कोणता पडीक ठेवावा हे गावकरी एकत्र बसून ठरवीत आले आहेत.

बारीपाडा पाहावयाचा तर साक्री तालुक्यातल्याच पिंपळनेरच्या बाजूने जावे, आणि तोही भर पावसाळ्यात, कारण बहुतेक वनभाज्या तेव्हाच उगवतात.