नाताळचा बाजार आणि नातवंडांचा हात

नाताळ जवळ आला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. दोदोलसाठी गूळ, नेवऱ्यांसाठी रवा, शिवाय नारळ घेणाऱ्यांची झुंबड, आणि मुलांचे डोळे टांगलेल्या कागदी ताऱ्यांवर. गेल्या वर्षी नारळाचे पैसे देताना आमच्या पाच वर्षांच्या नातीचा हात सुटला. चार-पाच मिनिटांत ती खाज्याच्या दुकानापाशी सापडली. पण तेवढ्यात आमचे पाय गळाले होते.

हात बहुधा सुटतो तो पैसे मोजताना. म्हणून आता आम्ही दोघे जातो: एकाने पैसे द्यायचे, दुसऱ्याने हात सोडायचा नाही. बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, तसेच हे.

मुलांना खायला घालून सकाळी लवकर निघावे. जड नारळ शेवटी घ्यावेत. मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. निघताना त्याचा फोटो काढावा. घाबरल्यावर कपड्यांचा रंग आठवत नाही. ‘चुकलास तर तिथेच थांब, जवळच्या दुकानदाराला सांग,’ हे घरीच शिकवावे. मूल लगेच सापडले नाही, तर वेळ न दवडता ११२ किंवा १०९८ वर फोन करावा.

राहिलेला गूळ उद्याही मिळतो.