‘कॅफे’चा ‘कॅफी’ आणि रशियन पोस्टाची कमाल

ईमेल इंग्रजी माध्यमात शिकलेली. 1982 साली तिचे नियम ठरले तेव्हा एका अक्षराच्या वाट्याला सातच बिट आले. म्हणजे एकूण 128 जागा. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं बसली की गाडी फुल्ल! फ्रेंच रेघवाली अक्षरं, जर्मन टिंबवाली अक्षरं, आपला ‘ळ’, सगळे फलाटावरच.

मग गंमत व्हायची. डोक्यावर तिरपी रेघ असलेल्या फ्रेंच ‘ई’चा क्रमांक 233. त्याला आठवा बिट लागतो. वाटेतल्या जुन्या सर्व्हरनं तो छाटला की 233 मधून 128 वजा, उरले 105. आणि 105 म्हणजे ‘आय’! पॅरिसहून ‘कॅफे’ निघायचा, पोचायचा ‘कॅफी’.

स्वीडनवाल्यांनी महिरपी कंसांना उठवून तिथे आपली अक्षरं बसवली. प्रोग्राम लिहायला तेच कंस लागतात, तेव्हा प्रोग्रामरांचे हाल विचारू नका.

रशियन मात्र पक्के बेरकी. त्यांच्या ‘कोई-8’ संकेतात आठवा बिट उडाला तरी बहुतेकदा त्याच उच्चाराचं रोमन अक्षर उरतं. फक्त कॅपिटलचं स्मॉल, स्मॉलचं कॅपिटल. वाचता येतंच! परदेशातून एकानं तर ईमेलमध्ये युरोपी अक्षरांत बिघडून आलेला रशियन पत्ता, रेघा-टिंबांच्या त्या जत्रेसकट, जसाच्या तसा पार्सलवर उतरवला. रशियन पोस्टानं तोही उलगडला. याला म्हणतात नोकरी!

तोडगा निघाला 1992 मध्ये. नॅथॅनिअल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांच्या ‘माइम’ या ईमेल-पद्धतीमुळे फाइलचे दर तीन बाइट चार साध्या चिन्हांच्या वेषात जाऊ लागले. अ‍ॅटॅचमेंट वाटेत एक तृतीयांशानं फुगते ती म्हणूनच. बोरेनस्टाइननं पहिल्यांदा जोडलं काय, तर आपल्या चौघांच्या गायकमंडळाचा फोटो आणि गाणं! हौसेला मोल नाही.

त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत केन थॉम्पसननं ताटाखालच्या कागदावर ‘यूटीएफ-8’ची, म्हणजे सगळ्या लिप्यांना जागा देणाऱ्या युनिकोडची अक्षरं बाइटमध्ये मांडायच्या पद्धतीची, आखणी केली. त्यात ‘मराठी’ शब्द 15 बाइटचा.

तरीही तुमचा लेख संपादकाकडे अगम्य रोमन खिचडी होऊन पोचतो? मेल बिचारी निर्दोष आहे. जुन्या मराठी फॉन्टच्या फाइलमध्ये आत रोमन अक्षरांचेच संकेत असतात, मराठी रूप फॉन्ट चढवतो. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की सोंग उतरलं! तेव्हा दिवाळी अंकाला लेख धाडताना युनिकोडमध्येच टाइप करा आणि सोबत पीडीएफही जोडा. संपादक दुवा देतील.