ऐकणारा लिंकन

मराठीच्या प्राध्यापकाला बोलण्याचा रोग असतो, हे आमच्या घरी सर्वमान्य आहे. मीही ते हसण्यावारी नेत असे. चिरनेरला जाऊन आलो आणि हसू ओसरले.

पनवेलकडच्या या गावी मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. २५ सप्टेंबर १९३० रोजी इथल्या अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहासाठी माणसे जमली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानातून लाकूडफाटा आणला, ते रान सरकारचे कसे, हे त्यांना उमगत नव्हते. गोळीबारात आठ सत्याग्रही पडले. नाग्या महादू कातकरी त्यांतला एक. मामलेदार जोशी हेही त्या दिवशी प्राणास मुकले. स्मारकापाशी मी हे सारे पाऊण तास रंगवून सांगितले. कडेला एक म्हातारी मोळी खाली ठेवून ऐकत होती. “मास्तर, माझा आजा सांगायचा...” तिने सुरुवात केली. मी घड्याळ पाहिले. “आजी, पुढच्या खेपेला हं!” गाडी सुटली.

दुसऱ्या दिवशी वर्गात महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ होती. १८७३ सालचे हे पुस्तक त्यांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले आहे. मुलांना लिंकनचे चित्र दाखवावे म्हणून शोधू लागलो, तो जॉर्ज हीलीने १८६९ साली रंगविलेले चित्र हाती आले.

त्याआधी १८६८ मध्ये हीलीने एक मोठे चित्र काढले होते. मार्च १८६५, यादवी युद्धाची अखेर. एका बोटीवर लिंकन आपल्या सेनानींशी मसलत करीत बसला आहे. पुढे त्याने सेनानी वगळले आणि एकट्या लिंकनचे चित्र केले. बैठक मात्र तीच ठेवली. खुर्चीत पुढे झुकलेला, कोपर मांडीवर, हनुवटी हातावर. समोर कोणी नाही, तरी हा माणूस ऐकतोच आहे! वडिलांचे याच्या तोडीचे दुसरे चित्र नाही, असे त्याचा मुलगा रॉबर्ट मानी. १९३९ साली ते व्हाइट हाउसमध्ये आले.

राज्यकर्त्यांची चित्रे एरवी हात उंचावून बोलत असतात. हे चित्र पाहताना मला ती मोळी आठवली. चिरनेरच्या माणसांचे म्हणणे १९३० साली सरकारने ऐकले नाही, असे मी मुलांना ठासून सांगितले होते. आणि मी तरी काय केले?

दिवाळीच्या सुट्टीत चिरनेरला जाणार आहे. सोबत फक्त वही. सौभाग्यवतींनी बजावले आहे, “तिथं तरी गप्प बसा!”