अपग्रेडनंतर लॅपटॉप का तापतो?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सपोर्ट थांबवला आणि अनेकांना विंडोज ११ घ्यावंच लागलं. अशा अपग्रेडनंतरची तक्रार ठरलेली असते: पंखा थांबत नाही, मांडीला चटका बसतो, बॅटरी निम्म्या वेळात उतरते. लगेच कुणीतरी ‘फॉरमॅट मारा’ म्हणून सांगतं. इतकी घाई करू नका. आधी शोधायचं ते एवढंच, की लॅपटॉपमधला कोणता भाग झोपायचा थांबला आहे.

प्रोसेसर विजेची बचत करतो ती झोपून. तुम्ही टाइप करत असताना दोन अक्षरांच्या मधल्या क्षणातही तो कित्येकदा डुलकी काढतो. जागा राहिला की खर्च झपाट्याने वाढतो, कारण चिपला लागणारी वीज फ्रिक्वेन्सीच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्क्यांनी वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही तेवढंच चढवलं, तर वीज सुमारे ७३ टक्के जास्त लागते. त्या सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते.

पहिले एक-दोन दिवस ही जाग स्वाभाविक असते. विंडोजचं सर्च आणि मॅकचं स्पॉटलाइट सगळ्या फायलींची सूची नव्याने करतात, फोटोंची छाननी होते, अँटीव्हायरस डिस्क तपासतो. लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवा, चार्जर लावा, स्लीप बंद करून रात्रभर हे काम उरकू द्या.

त्यानंतरही ताप उतरला नाही, तर दोष खोलवर असू शकतो. एप्रिल २०११मध्ये उबुंटू ११.०४ ही लिनक्सवर आधारित प्रणाली आली, त्यात लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल २.६.३८ होतं आणि बऱ्याच लॅपटॉपांचा वीजवापर वाढला. ‘फोरॉनिक्स’ या संकेतस्थळाच्या मायकेल लाराबेल यांनी कर्नलच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या मोजून नेमका बदल हुडकला. वाय-फाय कार्डासारखे भाग ज्या पीसीआय एक्सप्रेस जोडणीवर असतात, ती रिकामी असताना झोपते. या सोयीचं नाव एएसपीएम. काही लॅपटॉपांचं बायॉस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारं फर्मवेअर, ‘एएसपीएम नाही’ असं कळवायचं आणि स्वतः मात्र ते चालू करून ठेवायचं. नव्या कर्नलने बायॉसचं म्हणणं खरं मानलं आणि ही सोय सरसकट बंद केली. अशा वेळी विंडोज बायॉसने केलेल्या मांडणीला हातच लावत नाही, हे रेड हॅटच्या मॅथ्यू गॅरेट यांच्या लक्षात आलं. लिनक्सनेही तसंच वागावं म्हणून त्यांनी केलेली दुरुस्ती मार्च २०१२च्या कर्नल ३.३मध्ये आली. बॅटरीही धडधाकट, प्रोसेसरही. चूक होती ती फर्मवेअर आणि कर्नल यांच्यातल्या समजुतीची.

म्हणून टास्क मॅनेजरमध्ये कोणता प्रोग्राम सतत वर दिसतो ते पाहा, आणि तिथे काहीच सापडलं नाही तर लॅपटॉपच्या कंपनीने दिलेलं ताजं बायॉस आणि चिपसेट व ग्राफिक्सचे ताजे ड्रायव्हर टाका. या दुसऱ्या पायरीकडे फार लोक दुर्लक्ष करतात.

शिवाय कमांड प्रॉम्प्टमधून विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ ५०,००० मिलिवॉट-तास आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ २६,००० असेल, तर बॅटरी अपग्रेडच्या आधीच थकलेली होती. ती बदलावीच लागेल.